आर-स्केप: आरएनएच्या घडीला पुरावा मागणारा प्रोग्रॅम

सस्तन प्राण्यांच्या जनुकांतील नियामक आरएनए रचना संगणकावर शोधताना पहिली अडचण अशी की, घडी वर्तवणाऱ्या प्रोग्रॅमला आरएनएचा जवळजवळ कोणताही लांबसा तुकडा दिला तरी तो एखादी हेअरपिन, म्हणजे धागा स्वतःवरच दुमडून झालेली दांडा आणि फास अशी घडी, काढून दाखवतोच. ती घडी उत्क्रांतीने खरोखर जपली आहे का, हा वेगळा प्रश्न आहे आणि आर-स्केप नेमका तोच विचारतो. एलेना रिवास, जोडी क्लेमेंट्स आणि शॉन एडी यांनी २०१७ मध्ये मांडलेला हा प्रोग्रॅम मोफत मिळतो.

घडीत समोरासमोर जुळणाऱ्या अक्षरांची एका प्रजातीतील जी-सी जोडी दुसरीत ए-यू झाली, म्हणजे दोन्ही बाजू एकमेकींना सांभाळून बदलल्या, तर तो रचनेच्या बाजूने पुरावा ठरतो. मात्र दहा प्रजातींना तोच बदल एका पूर्वजाकडून आयता मिळाला असेल, तर तो दहादा मोजणे ही फसगत आहे. म्हणून आर-स्केप दिलेल्या अलाइनमेंटवरून (अनेक प्रजातींचे अनुक्रम एकाखाली एक लावून स्तंभांत जुळवलेल्या मांडणीवरून) वंशवृक्ष उभा करतो, त्याच वृक्षावर तितकेच बदल असलेल्या पण स्तंभांचा परस्परसंबंध मोडलेल्या बनावट अलाइनमेंट तयार करतो आणि निव्वळ नात्यामुळे किती सहबदल दिसतात ते मोजतो. या कसोटीवर हॉटएअर या बहुचर्चित लांब आरएनएच्या प्रस्तावित रचनेला आधार मिळाला नाही. त्यावर वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

मी आर-स्केप फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनाच्या आरएनएतील लोहसंवेदी घटकावर चालवून पाहिला. जनुकाच्या ५′ टोकाच्या अभाषांतरित भागातील ही लहानशी हेअरपिन, तिच्या टोकाचा सहा अक्षरी फास आणि दांड्यातून बाहेर डोकावणारा एकटा सी, हे सारे प्रयोगांनी पक्के झालेले आहे. तरीही केवळ सस्तन प्राण्यांचे अनुक्रम दिल्यावर एकही जोडी ०.०५ या ई-व्हॅल्यूच्या (निव्वळ योगायोगाने अपेक्षित असलेल्या अशा जोड्यांच्या संख्येच्या) आत आली नाही. मी आधी वैतागलो. मग निकालातला शेजारचा पॉवरचा, म्हणजे सहबदल असलाच तर तो पकडण्याच्या क्षमतेचा, स्तंभ वाचला. तिथले आकडे शून्याला टेकलेले होते, म्हणजे अलाइनमेंटच्या स्तंभांत बदलच इतके थोडे होते की सहबदल दिसण्याची शक्यताच नव्हती. रचना नाही आणि रचना तपासण्याइतकी सामग्री नाही, या दोन उत्तरांतला फरक सांगणारा हा स्तंभ मला सर्वांत मोलाचा वाटतो.

संपूर्ण जीनोम चाळायला मात्र मी आधी आरएनएझेड हा आरएनए रचना शोधणारा दुसरा प्रोग्रॅम वापरीन, कारण तो घडीची ऊर्जास्थिरताही विचारात घेतो. निवडक उमेदवार मग आर-स्केपकडे द्यावेत, आणि तेही मासे व पक्ष्यांचे अनुक्रम जोडून. फेरिटिनच्या बाबतीत आणखी एक पथ्य पाळावे लागते: त्याची प्रक्रियित छद्मजनुके (आरएनएवरून उलट नकलून जीनोममध्ये परत शिरलेल्या, सहसा निकामी प्रती) जीनोमभर विखुरलेली आहेत आणि त्यांच्या प्रतींवर घडी जपण्याचे बंधन उरलेले नाही, त्यामुळे ती अलाइनमेंटमधून हाताने काढल्याशिवाय निकालाकडे पाहण्यात अर्थ नाही.