सिस्टरना पाच स्टार, शिकाऊ डॉक्टरला एकही नाही

आईला खानापूरहून बेळगावच्या एका खासगी दवाखान्यात अ‍ॅडमिट केलं होतं. वॉर्ड स्वच्छ, बिल वाजवी. पण रात्रपाळीच्या शिकाऊ डॉक्टरचं स्टेटस भाच्यानं दाखवलं : ‘कन्नड येत नसेल तर कोल्हापूरला जाऊन मरा.’ डोकंच फिरलं. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकच्या एका रेसिडेंट (शिकाऊ) डॉक्टरनं ज्यूंना चुकीची औषधं देण्याची भाषा ट्विटरवर केली होती. 2018 मध्ये तिची नोकरी गेली. आमचा हा पोरगा कुणाला विष घालेल असं नाही म्हणत मी. पण आईला अ‍ॅलर्जी आहे का, हे त्यानं विचारलंच नाही, थेट इंजेक्शन लिहून मोकळा! सिस्टरनी मराठीत विचारलं म्हणून पेनिसिलिन टळलं बघा. लेखी तक्रार दिलीय. पोच मिळाली, उत्तर नाही. पेशंट नेणार असाल तर अ‍ॅलर्जी केसपेपरवर लाल पेनानं लिहून घ्या.