आधी लस की आधी नसबंदी? गावच्या मोकाट कुत्र्यांचा हिशेब

खान्देशात कुठल्याही ग्रामसभेत कुत्र्यांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, 'गाडीत भरा अन् सातपुड्याच्या पायथ्याला सोडून या.' हा पर्याय आधी बाजूला ठेवा. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत तो बसत नाही. शिवाय मटणाच्या दुकानामागचा उकिरडा तसाच असेल, तर रिकाम्या जागेवर शेजारच्या गावची कुत्री येतात, तीही बिनलसीची. आणि आपण सोडलेली कुत्री तिथल्या पाड्यांवरच्या लेकरांना चावली, तर ते पाप कुणाचं?

मग उरतात दोन वाटा.

रेबीज अडवते ती लस. नसबंदी झालेलं, पण लस न टोचलेलं कुत्रंही पिसाळतं. परिसरातल्या साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस असली की रोगाची साखळी तुटते. गोव्याने मुख्यतः याच जोरावर रेबीज आटोक्यात आणला. गावात तर हे काम आणखी सोपं, कारण मोकाट म्हणतो त्यातली बरीच कुत्री कुणाच्या तरी ओट्यावर वाढलेली असतात. भाकरी टाकणाऱ्या बाईने हाक मारली की शेपूट हलवत येतात. तिने मान धरायची, डॉक्टरांनी सुई टोचायची, मिनिटाभरात मोकळं. रावेर-यावलकडे केळीच्या बागा राखणारी कुत्रीही यादीत घ्या. ती हमखास राहून जातात.

अडचण एवढीच, की लस दरवर्षी टोचावी लागते आणि तेवढ्यात नवी पिल्लं येतात. एक कुत्री एका वेताला चार-सहा पिल्लं देते, टक्केवारी घसरते. नसबंदीचा खरा उपयोग इथे आहे: संख्या स्थिरावते, टोचलेल्या कुत्र्यांची टक्केवारी टिकते, पिल्लांची आई अंगावर धावून येण्याचे प्रसंगही कमी होतात. पण भूल, शस्त्रक्रिया, नंतर पिंजऱ्यात काही दिवस देखभाल, असा मोठा खर्च आहे. नसबंदी केंद्राला ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची मान्यता लागते, ते एकट्या ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं नाही. तालुक्यातल्या गावांनी मिळून नगरपालिकेच्या केंद्राशी बोलावं. आणि दहा कुत्री इथली, दहा तिथली, असं करू नका. एक गाव धरा, आधी सगळ्या माद्यांची नसबंदी उरका.

माझं मत स्पष्ट आहे. पैसा एकाच कामापुरता असेल तर लस. भुसावळ-अमळनेरसारख्या शहरांनी मात्र दोन्ही करायलाच हवं.

चावा बसलाच तर जखमेत चुना-मिरची भरू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.

लस-नसबंदीच्या शिबिरासाठी माघ-फाल्गुन बरा. भाद्रपदातल्या मेळाची पिल्लं तोवर तीन महिन्यांची, म्हणजे लस टोचण्याजोगी झालेली असतात, आणि आपल्याकडचं ४४-४५ अंशांचं ऊन टाके घातलेल्या जनावराला सोसावं लागत नाही.