फिल्मी पोस्टर करून देणारी सर्व्हिस: फोटो झकास, अक्षरांचं काय?

काकांच्या साठीला गिफ्ट म्हणून एका ऑनलाइन सर्व्हिसकडून फिल्मी पोस्टर करून घेतलं. फोटो पाठवायचा, नाव पाठवायचं, कॅटलॉगमधून स्टाईल निवडायची की ते डिझाईन करून प्रिंट घरपोच देतात. मी शोले स्टाईल घेतली आणि नाव देवनागरीतच हवं असं बजावून सांगितलं. नाव काय तर 'बंडू', बास.

प्रिंट एकदम भारी आहे हं, कागद जाड, मॅट फिनिश, काकांच्या मिशा काय खुलल्यात! नळीत पॅक करून आलं, कोपरासुद्धा दुमडला नव्हता.

पण नाव बघितलं आणि मूडच गेला. शोलेची ती मूळ अक्षरं आठवा, तडे गेलेला दगड, पुढून केवढी मोठी आणि मागे खोल खोल गेलेली. १९७५ मध्ये पिक्चर ७० एमएम, म्हणजे मोठ्या पडद्याच्या रुंद फिल्मवर, आणि स्टीरिओ आवाजात आणला होता, तर पडदा केवढा असणार हे ते नावच सांगून टाकतं, कुणाचा चेहरा बघायचीपण गरज नाही. त्याआधी १९५९ च्या बेन-हर या हॉलिवूड पिक्चरच्या पोस्टरवर पण नाव असंच डोंगराएवढं दगडी आहे. म्हणजे ही स्टाईल मुळात वजनाची आहे. यांनी काय केलं तर एक रेडीमेड गोल गुबगुबीत फॉन्ट उचलला आणि त्याच्यावर तड्यांचं टेक्स्चर चिकटवलं. बालवाडीच्या गॅदरिंगचा बॅनर वाटतोय. झूम केलं तर अजून गंमत, ब आणि ड ला मागे खोली दिलीये पण डू चा उकार तसाच सपाट लोंबतोय, आणि अनुस्वार म्हणजे वर नुसता काळा ठिपका, त्याला ना सावली ना तडा. अरे दगड आहे तर सगळाच दगड पाहिजे ना!

कॅटलॉगमध्ये सायको (हिचकॉकचा तो भीतीदायक पिक्चर) स्टाईलचं पण एक मराठी सँपल आहे. मूळ चिरलेली अक्षरं टोनी पॅलाडिनो या डिझायनरची, आधी कादंबरीच्या कव्हरसाठी केलेली आणि मग १९६० च्या पिक्चरसाठी घेतलेली. सगळी भीती त्या चिरण्यात आहे, शब्द वाचता येतो पण जागेवर बसत नाही. यांच्या सँपलमध्ये चिरा अक्षरांच्या पोटात मारल्यात आणि वरची शिरोरेषा अखंड सरळ, मग काय, शब्द आरामात उभाच राहतो, भीतीबिती काही वाटत नाही. देवनागरीत रेषाच तोडायला पाहिजे होती राव.

खालची क्रेडिट्सची पट्टी मात्र आयडिया म्हणून आवडली, सगळ्या पुतण्या-भाच्यांची नावं टाकलीत. हॉलिवूडच्या पोस्टरवर ती अक्षरं उंच आणि चिंचोळी का असतात माहितीये? करारात नावांचा साईझ टायटलच्या अक्षरांच्या हिशोबात ठरलेला असतो आणि तो उंचीवर मोजतात, मग जागा वाचवायला रुंदी दाबायची. इथे मराठी फॉन्ट नुसता दोन्ही बाजूंनी दाबलाय, त्यामुळे काना केसासारखा बारीक आणि शिरोरेषा जाडच्या जाड. लांबून नुसत्या आडव्या पट्ट्या दिसतात.

कस्टमर केअरवाली मुलगी चांगली बोलली, म्हणाली ताई फॉन्ट बदलून देते फ्री, पण हाताने लेटरिंग करून पाहिजे असेल तर चार्ज वेगळा. बरोबर आहे तिचं, ते काम वेगळंच आहे, पूर्वीचे पेंटर लोक नावसुद्धा चेहऱ्याइतकंच मन लावून रंगवायचे. फक्त हे ऑर्डर करतानाच स्क्रीनवर लिहा ना, मी आनंदाने दिले असते.

पाचपैकी तीन. इंग्लिश नाव असेल तर बिनधास्त घ्या, ती सँपलं खरंच चांगली आहेत. मराठी नाव असेल तर पैसे भरायच्या आधी फक्त टायटलचा प्रूफ, म्हणजे छापायच्या आधीचा नमुना, मागवा आणि उकार, अनुस्वार, जोडाक्षर झूम करून बघा. डिलिव्हरी वेळेत होते.