दहा महिने रीलोडिंग केल्यावर: प्रेसपेक्षा वजनकाट्यावर खर्च करा

झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्या (काडतुसाची धातूची नळकांडी) घेऊन काडतुसं घरी पुन्हा भरायची ठरवलं, तेव्हा कुठला प्रेस, म्हणजे त्यांना दाबून घडवणारं दांड्याचं यंत्र, घ्यावा यावर मी तीन आठवडे डोकं खपवलं. आता त्याचं हसू येतं. दहा महिन्यांत ज्या एका वस्तूने मला कधीच त्रास दिला नाही, ती म्हणजे तो प्रेस.

आधीच सांगतो, रीलोडिंगचा कायदा देशागणिक वेगळा आहे. कुठे खुली परवानगी, कुठे परवाना, कुठे सरळ बंदी. तुमच्याकडे काय आहे ते बघितल्याशिवाय एक स्क्रूही विकत घेऊ नका.

मी सुरुवात केली .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाने, सहाव्या महिन्यात .३०८ विंचेस्टर हे रायफलचं काडतूस हातात घेतलं. प्रेस साधा, सिंगल स्टेज. एका वेळी एकच डाय (प्रेसमध्ये बसवायचा साचा), दांडा एकदा ओढला की एकच काम. पन्नास पुंगळ्यांचं आधी एक काम उरकायचं, मग डाय बदलून पुढचं. वेळखाऊ आहे, पण नवशिक्याला तोच हवा. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर दर ओढीला सगळ्या टप्प्यांवर एकदम काम चालतं आणि नजर चार ठिकाणी ठेवावी लागते. मला तर पहिले दोन महिने एका ठिकाणीही नीट ठेवता येत नव्हती. डायचे आटे बहुतेक कंपन्यांचे एकाच मापाचे असतात, ७/८ इंच व्यास आणि इंचाला १४ आटे, त्यामुळे प्रेस एकाचा आणि डाय दुसऱ्याची हे बिनधास्त चालतं. बिडाचा, वजनदार घ्या आणि विषय संपवा. माझी खरी फजिती टेबलाने केली. लिहिण्याच्या टेबलाला प्रेस बोल्टने आवळला, .३०८ ची पुंगळी साइज करायला, म्हणजे दाबून मूळ मापावर आणायला, दांडा दाबला, तर पुंगळी जागेवरच आणि टेबलाचे मागचे पाय हवेत!

आता काटा. माझ्या किटमध्ये छोटा डिजिटल काटा आला होता आणि मी खूश होतो. इथे सगळं वजन ग्रेनमध्ये चालतं. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, आणि आपल्याला लागते ०.१ ग्रेनची अचूकता, म्हणजे साधारण साडेसहा मिलीग्रॅम. सोनाराच्या गुंजेचा अठरावा-एकोणिसावा हिस्सा म्हणा. हा काटा पंख्याच्या वाऱ्याने हलायचा, सुरू केल्या केल्या एक आकडा दाखवायचा, वीस मिनिटांनी दुसरा. एके दिवशी तोच डबा, तीच बंदुकीची दारू तीनदा ठेवली आणि तीन वेगळे आकडे आले. त्या दिवशी भरलेली सगळी काडतुसं मोडली. मग दांडीचा, चुंबकाने स्थिरावणारा काटा घेतला आणि सोबत तपासणीची प्रमाण वजनं. बसल्यावर आधी वजनं ठेवून बघायची, मग दारूचा डबा उघडायचा. डिजिटल काटे सगळेच वाईट नसतात, पण स्वस्तातला घेऊ नका. आणि काटा कुठलाही असो, तपासणीची वजनं हवीतच.

.३८ स्पेशलची एक गंमत आहे, म्हणजे जपून राहण्याची गोष्ट. हे काडतूस १८९८ चं, काळ्या दारूच्या जमान्यातलं, म्हणून पुंगळी ऐसपैस. आजची धूरविरहित दारू तिच्या तळाशी जेमतेम पसरते. एकाच पुंगळीत चुकून दोनदा ओतली तरी वरून बघून चटकन कळत नाही. एका रात्री भरता भरता फोन आला, पाच मिनिटांनी परत बसलो आणि कुठपर्यंत आलो होतो तेच आठवेना. टॉर्च मारून एकेका पुंगळीत डोकावलो. एकीत पातळी जरा वर वाटली. खात्री करत बसलो नाही, पन्नासच्या पन्नास रिकाम्या केल्या. तेव्हापासून भर टेबलावर मान वळणारा दिवा आहे, भरलेल्या आणि न भरलेल्या पुंगळ्यांचे लाकडी ठोकळे वेगळे आहेत आणि फोन दुसऱ्या खोलीत असतो. दारूही मुद्दाम फुगीर जातीची घेतो, दुप्पट पडली तर सांडून चुगली करेल अशी. उलटी चूकही तितकीच वाईट. दारू पडलीच नाही तर एकटा प्राइमर (पुंगळीच्या तळाशी बसणारी, ठिणगी देणारी टोपी) गोळीला नळीत ढकलून तिथेच अडकवू शकतो, आणि त्यामागून दुसरी झाडली की बंदूक गेली, हातही जाऊ शकतो.

डायमध्ये .३८ साठी कार्बाइड या कडक धातूमिश्रणाची घ्या, वंगणाची कटकट नाही. निमुळत्या मानेच्या .३०८ ला मात्र वंगण लागतंच. मी हात आखडता घेतला आणि तिसऱ्याच दिवशी पुंगळी डायमध्ये रुतून बसली, दांडा उलटा फिरवला तर तिची कडच उपटून आली. मग भोक पाडा, आटे पाडा, बोल्ट घालून खेचा, अख्खा रविवार त्यात गेला. पुढच्या वेळी सढळ हाताने चोपडलं तर खांद्यावर खळगे पडले. योग्य प्रमाण बोटांना कळायला शंभरेक पुंगळ्या जातात.

दुसऱ्यांकडून रिकाम्या पुंगळ्या घेतल्यात तर आत टॉर्च मारून बघा. मधोमध एक भोक म्हणजे बॉक्सर, बाजूला दोन म्हणजे बर्डन, प्राइमरच्या या दोन पद्धती त्या काढणाऱ्यांच्या नावाने ओळखल्या जातात. न बघता बर्डनवर मी प्राइमर काढायच्या दोन सुया मोडल्या. गंमत अशी की बॉक्सर इंग्रज होता आणि बर्डन अमेरिकन, पण अमेरिकेत चालतो बॉक्सरचाच प्राइमर.

बारीक मापं घेणारा कॅलिपर लागतोच. .३०८ ची पुंगळी झाडून झाडून लांबते, ५१.१८ मिलिमीटरच्या पुढे गेली की कापावी लागते. टम्बलर, म्हणजे पुंगळ्या घुसळून साफ करणारं यंत्र, पहिले काही महिने नसला तरी अडत नाही, पुंगळी पुसलेली असली की पुरे. घेतलात तर ओला घ्या. प्राइमरच्या राखेत शिसं असतं आणि कोरड्या भुशाच्या धुळीबरोबर ते उडतं. काम झाल्यावर साबणाने हात धुवायचे, मध्ये खाणंपिणं बंद.

काडतुसातून गोळी काढणारा, हातोडीसारखा दिसणारा बुलेट पुलर मी सगळ्यात शेवटी घेतला, तोही कुरकुरत. सगळ्यात जास्त वापरला तो तोच. चुकलेलं काडतूस मोडायची सोय हाताशी नसली की मन 'चालेल हो' म्हणायला लागतं.

रीलोडिंगची पुस्तकं दोन ठेवा, वेगवेगळ्या कंपन्यांची. दोन्हींत किती दारू भरायची याचे आकडे जुळत नाहीत, कारण चाचणीच्या बंदुकीची नळी आणि गोळी वेगळी असते. मी कमी आकड्यापासून सुरू करतो आणि बहुतेकदा तिथेच थांबतो, कारण कागदी लक्ष्याला जोर नको असतो.

पैसे वाचतील म्हणून कुणी येत असेल तर माझे अजून वाचलेले नाहीत. पूर्वीपेक्षा दुप्पट गोळ्या झाडतो, एवढंच. पुढची खरेदी आणखी दोन लाकडी ठोकळ्यांची आहे. प्रेस तोच राहणार.