वेबसाइट आमची, सातबारा दुसऱ्याचा

माझी आई माणदेशातली. तिच्या तीन वह्यांत जात्यावरच्या १,१४० ओव्या होत्या. काही तिच्या आईच्या, काही वाड्यातल्या बायकांच्या, थोड्या तिच्या स्वतःच्या. २०२० मध्ये आई गेली. पुढच्या वर्षी मी ठरवलं, या ओव्या कपाटात राहायच्या नाहीत. वेबसाइट करायची, म्हणजे कुठल्याही गावातल्या बाईला फोनवर वाचता येतील.

ज्याने आम्हाला फसवलं त्याचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण तक्रारीत आहे. तो कसा बोलला आणि आम्ही कुठे कुठे डोळे मिटून घेतले, ते मात्र सगळं लिहिते. अशी माणसं प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. त्यांच्याकडे जाणारे बहुतेक माझ्यासारखेच असतात: शाळा, मंडळ, छोटा मसाल्याचा धंदा, कुणाचं तरी स्मारक.

ओळखीतून आलेला मुलगा. नम्र. "ताई, तुम्ही फक्त मजकूर द्या, बाकी सगळं माझ्यावर सोडा." जून २०२१ मध्ये १८,००० रुपये घेतले आणि दहा दिवसांत वेबसाइट उभी केली. दिसायला सुरेख होती. वर जात्याचं चित्र, खाली ओव्या. मला एक युजरनेम-पासवर्ड दिला. रात्री जेवणं उरकली की मी वीस-पंचवीस ओव्या टाइप करायची. वर्षभरात तिन्ही वह्या संपल्या.

त्याच्या बिलात दरवर्षी तीन ओळी असत. होस्टिंग व डोमेन (वेबसाइट ठेवायची जागा आणि तिचा पत्ता) ४,५०० रुपये, वर्डप्रेस लायसन्स ३,००० रुपये, एसएसएल ३,५०० रुपये. एकूण ११,०००. छापील बिल, त्यावर शिक्का. २०२२ ला दिले, २०२३ ला दिले.

यातल्या दोन ओळी निव्वळ खोट्या होत्या. वर्डप्रेस हे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर २००३ पासून फुकट मिळतं. त्याचा परवानाच असा आहे की कुणीही घ्यावं, वापरावं, बदलावं, पुढे द्यावं. त्याची वार्षिक लायसन्स फी नावाची गोष्टच जगात नाही. पत्त्याशेजारी कुलूप दाखवणारं एसएसएल प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा फुकट देते. ते थोड्या दिवसांचं असतं, पण बहुतेक होस्टिंगवर आपोआप नवं होतं, कुणाला हातही लावावा लागत नाही. मांडणी बसवणं, दुरुस्ती, देखभाल यांचे पैसे कुणी घेतले तर ते त्याच्या कष्टाचे. ते द्यावेत, मीही आनंदाने दिले असते. त्याने कष्टाचे घेतले नाहीत, फुकटच्या वस्तूचे घेतले.

पण पैशाचं नुकसान यातलं सगळ्यात लहान.

वेबसाइटवर मी एक फॉर्म ठेवला होता, 'तुमच्या गावची ओवी पाठवा' म्हणून. वाटलं होतं, पाच-दहा येतील. अडीच वर्षांत ४८ बायकांनी २६० ओव्या पाठवल्या. बीडहून, सिन्नरहून, सांगोल्याहून. एक तर बडोद्याला स्थायिक झालेल्या आजी, त्यांची नात टाइप करायची. प्रत्येकीला मी फोन करायची, शब्द नीट विचारून घ्यायची आणि मगच ओवी लावायची. डायरीत नाव, गाव, नंबर आणि पुढे 'ओव्या ६' किंवा 'ओव्या ११' असं टिपलं. ओवी मात्र डायरीत उतरवली नाही. ती वेबसाइटवर आहेच की, असं मला वाटायचं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एका बाईंचा फोन आला. "ताई, तुमचं नाव गुगलवर टाकलं की जुगाराचं काहीतरी येतंय." मी वेबसाइट उघडली तर सगळं ठीक. गुगलवर शोधलं, तर आमच्या पत्त्याखाली सट्ट्याच्या जाहिराती आणि जपानी अक्षरांची पानंच्या पानं. दोन दिवसांनी वेबसाइटच बंद. पांढऱ्या पानावर खातं निलंबित केल्याची एक ओळ.

त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, सर्व्हरवर लोड आला, अपग्रेड करावं लागेल, २८,००० होतील." तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात पाल चुकचुकली. पुण्याला बहिणीचा मुलगा याच कामात आहे. त्याला मी शनिवारी बोलावून घेतलं.

त्याने आल्याआल्या विचारलं, "मावशी, डोमेन घेतलं तेव्हा तुला ईमेल पडताळायची लिंक आली होती का?"

"नाही."

"दरवर्षी मुदत संपायच्या आधी रजिस्ट्रारची, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीची आठवण येते, ती?"

तीही कधी आली नव्हती. डोमेन ज्याच्या नावावर असतं त्याच्याच ईमेलवर ही पत्रं येतात. आम्ही रजिस्ट्रारला लिहिलं, तर सरळ उत्तर आलं की खातेदाराव्यतिरिक्त कुणाशीही बोलता येणार नाही. तीन वर्षं मी ज्या घरात राहिले त्याच्या सातबाऱ्यावर माझं नावच नव्हतं. पैसे मी भरले, याला त्या नोंदीपुढे काही किंमत नाही. आणि ही नोंद आपल्या तलाठ्याकडे नसते.

मग भाच्याने विचारलं, "लॉगिन केल्यावर डावीकडे प्लगइन्स दिसायचं का?" मला आठवेना. जुना एक स्क्रीनशॉट सापडला, त्यात नव्हतं. म्हणजे मला त्याने प्रशासकाचे अधिकार दिलेच नव्हते, संपादकाचे दिले होते. संपादकाला लिहिता येतं, खोडता येतं. पण सगळा मजकूर एका फाइलमध्ये बाहेर काढून घेण्याची सोय फक्त प्रशासकाला दिसते. ती खिडकी मला पहिल्या दिवसापासून बंद होती. तुमची वेबसाइट वर्डप्रेसवर असेल तर आजच बघा. प्लगइन्स आणि युजर्स हे दोन्ही शब्द डावीकडच्या यादीत दिसत नसतील, तर किल्ली तुमच्याकडे नाही.

जुगाराचं कोडं पुढे उलगडलं. ती सुरेख मांडणी, म्हणजे थीम, विकत मिळणारी होती. त्याने ती चोरीच्या जागेवरून फुकट उतरवली होती. अशा 'नल्ड', म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेल्या थीममध्ये बरेचदा मागचा दरवाजा आधीच ठेवलेला असतो. आमच्या थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये वाचता न येणाऱ्या अक्षरांची एक लांबलचक ओळ होती. तिचं काम, येणारा गुगलच्या शोधयंत्रणेचा रोबॉट असेल तर त्याला सट्ट्याची पानं दाखवायची आणि माणूस असेल तर नेहमीचं पान. म्हणून मला सगळं ठीक दिसत होतं.

शिवाय शेअर्ड होस्टिंग म्हणजे एका यंत्रावर शेकडो बिऱ्हाडं. त्यात काही वाईट नाही. छोट्या वेबसाइटला ते पुरतं आणि वर्षाला थोडक्या पैशांत होतं. नीट चालवलेल्या सर्व्हरवर प्रत्येक बिऱ्हाडाची भिंत वेगळी असते. या मुलाने स्वतःचं एकच खातं घेऊन त्यात त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या वेबसाइटी कोंबल्या होत्या. आत भिंतच नाही. एकीला कीड लागली की सगळ्यांना. होस्टिंग कंपनीने अख्खं खातं बंद केलं ते बरोबरच केलं. आमच्याबरोबर एका दवाखान्याची आणि एका शाळेची वेबसाइटही गेली, असं नंतर कळलं.

"बॅकअप आहे ना?" मी त्या मुलाला विचारलं. "आहे ताई, पण काढायचे चार्जेस लागतील." १२,००० मागितले. भाचा नको म्हणत होता. माझा धीर सुटला होता. मी त्याच रात्री यूपीआयने पाठवले. आमची एकूण रक्कम इथे ५२,००० झाली.

दुसऱ्या दिवशी झिप फाइल आली. त्यात डेटाबेसची, म्हणजे वेबसाइटचा सगळा मजकूर साठवलेल्या कोठाराची एक फाइल होती. भाच्याने ती उघडली आणि काही न बोलता लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पानभर प्रश्नचिन्हं. मराठीचं एक अक्षर नाही. तारखांचे आकडे जागेवर, स्वल्पविराम जागेवर, शब्दांमधली मोकळी जागा जागेवर. शब्द तेवढे प्रश्नचिन्हं झालेले.

मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी समजून घ्या. वर्डप्रेसच्या डेटाबेसला 'यूटीएफएट एमबीफोर' ही अक्षरसंहिता, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत असावी. २०१५ पासून नव्या वेबसाइटला, सर्व्हर बरा असेल तर, ती आपोआप मिळते. पण मधे कुणी तो डेटाबेस दुसरीकडे हलवताना 'लॅटिन वन' नावाच्या जुन्या युरोपीय संहितेच्या कोष्टकात ओतला, तर देवनागरी त्यात मावत नाही. बिघाड दोन तऱ्हेचा होतो. मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि पाठोपाठ चलनाचं किंवा येनचं चिन्ह दिसलं, तर रडू नका. अक्षरांमागचे मूळ आकडे, म्हणजे बाइट, बहुतेक शाबूत असतात, जाणकार माणूस ते परत आणू शकतो. प्रश्नचिन्हं दिसली तर मूळ पुसलं गेलंय. कुणीही "रिकव्हर करून देतो" म्हणाला तरी त्या फाइलसाठी एक रुपया देऊ नका. आम्हाला पुढे दोघे असे भेटले.

म्हणजे त्याच्याकडचा बॅकअप कुणीतरी कधीतरी घेतला होता, पण उघडून एकदाही पाहिला नव्हता.

डोमेनसाठी त्याने ४०,००० मागितले. दिले नाहीत. मुदत जून २०२४ ला संपत होती. डॉट कॉमचा नियम भाच्याने समजावला. संपल्यावर रजिस्ट्रार ते ४५ दिवसांपर्यंत धरून ठेवू शकतो, मग ३० दिवस जुन्या मालकाला दंड भरून सोडवता येतं, शेवटचे ५ दिवस कुणालाच हात लावता येत नाही, आणि मग ते मोकळं. ते ऐंशी दिवस मी कॅलेंडरवर खुणा करत काढले. ऑगस्टअखेर ते सुटलं आणि आमच्या हाताला लागायच्या आत कुणाच्या तरी यंत्राने उचललं. सुटणारी नावं टिपणारी यंत्रणा असते, माणसाचा हात तिच्यापुढे तोकडा. आज त्या पत्त्यावर बेटिंगचं पान आहे. आईच्या वर्षश्राद्धाला वाटलेल्या पुस्तिकेवर तो पत्ता छापलेला आहे. ती कुणाच्या घरी असेल तर कृपा करून पत्त्यावर काट मारा.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात बिलं आणि यूपीआयच्या नोंदी दिल्या. १९३० ला फोन पैसे गेल्यागेल्या करायचा असतो, तरच ते वाटेत अडवता येण्याची आशा असते. मी दोन महिन्यांनी केला.

नवी वेबसाइट भाच्याने मला शेजारी बसवून, माझ्याच हातांनी करायला लावली. आधी डोमेन, माझ्या नावावर, माझ्या ईमेलवर. मग वेगळं होस्टिंग, तेही माझ्याच खात्यातून. सीपॅनेलमध्ये, म्हणजे होस्टिंगचा कारभार पाहायच्या पानावर जाऊन डेटाबेस तयार केला, पासवर्ड दिला, वर्डप्रेसच्या मूळ ठिकाणाहून उतरवलेल्या फाइली पब्लिक एचटीएमएल या फोल्डरात टाकल्या, डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये डेटाबेसचं नाव लिहिलं. चहा निवायच्या आत पहिलं पान दिसलं. एवढ्याशा कामासाठी मी तीन वर्षं दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत होते. फुकटची साधी मांडणी ठेवली आहे. दर रविवारी बॅकअप घेऊन तो माझ्या पेनड्राइव्हवर उतरवते, आणि उघडून एक तरी ओवी वाचून बघते.

आईच्या ओव्या वह्यांत होत्या, त्या पुन्हा टाइप केल्या. बायकांच्या २६० पैकी इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जपून राहिलेल्या नऊ पानांतून ७२ मिळाल्या. उरलेल्यांसाठी डायरी उघडून फोन करायला घेतले.

ती प्रश्नचिन्हांची फाइल मी टाकली नाही. एक दिवस तिच्याकडे बघताना एका ओळीवर नजर थांबली. पाच प्रश्नचिन्हं, जागा, चार, जागा, तीन. प, ह, वेलांटी, ल, वेलांटी: पाच. 'पहिली माझी ओवी'. प्रत्येक अक्षराला एक, प्रत्येक काना-मात्रा-वेलांटीला एक. शब्द गेले होते, त्यांची मापं उरली होती.

आता कुणी फोनवर ओवी सांगितली की मी लिहून घेते आणि मापं जुळवून बघते. जुळलं की ती नेमकी कुठल्या जागेची होती ते कळतं. सिन्नरच्या आजींनी पाठवलेल्या सहापैकी चार सांगितल्या, तीन अक्षर न अक्षर जुळल्या. चौथीची दुसरी ओळ चार चिन्हांनी लांब भरली. मी विचारलं, "आजी, आधी वेगळी सांगितली होती का?" त्या म्हणाल्या, "अगं, गाताना जशी येती तशी." मी ती आज आली तशीच लावली.

१७ जणींच्या घरी बोलणं झालं. त्यांतल्या दोघी आता नाहीत. एकीच्या सुनेला तीन ओव्या येत होत्या. अजून ३१ फोन करायचे आहेत, त्यांतले नऊ नंबर बंद लागतात. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या आईने, आजीने, सासूने जून २०२१ ते फेब्रुवारी २०२४ या काळात आमच्याकडे ओवी पाठवली असेल, तर त्यांना एकदा विचारा, अजून आठवतेय का. आधी घरच्या वहीत उतरवून घ्या.