तीन मिनिटांचं बुद्धिबळ: काही महिने रोज खेळल्यावर माझ्या खेळात काय बदललं

गेले बरेच महिने मी जवळजवळ रोज ऑनलाइन ब्लिट्झ, म्हणजे मोजक्या मिनिटांचं झटपट बुद्धिबळ, खेळतोय. सुरुवातीला ३+०, म्हणजे दोघांना ३-३ मिनिटं आणि वर काही नाही, नंतर ३+२, म्हणजे प्रत्येक चालीमागे २ सेकंद जमा होतात. त्याआधी मी बहुतेक लांब डावच खेळायचो, एकेका डावाला तास-दीड तास देऊन, त्यामुळे फरक चांगलाच जाणवला. माझं मत आधीच सांगून टाकतो, ब्लिट्झनं माझी नजर तेज झाली आणि हिशोब आळशी झाला, आणि दोन्ही एकाच कारणानं झालं.

आणि हो, १०+० ला बऱ्याच साइट्स रॅपिड म्हणतात पण फिडेच्या (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या) नियमात १० मिनिटं किंवा त्याहून कमी म्हणजे ब्लिट्झच, रॅपिड १० च्या वर आणि ६० च्या आत. तेव्हा रोज १० मिनिटांचे डाव खेळणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू आहे.

आधी फायदा, कारण तो खरंच मोठा आहे. ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली. लांब डाव खेळताना कॅरो-कान या ओपनिंगची अॅडव्हान्स लाइन (इ४ सी६, डी४ डी५, इ५) कधीतरी एकदा यायची, पुढच्या वेळेपर्यंत निम्मं विसरलेलं असायचं. ब्लिट्झमध्ये तीच पोझिशन एका बैठकीत दोन-तीनदा येते, मग काळ्याचा उंट एफ५ वर गेल्यावर कोण जी४ नं अंगावर येतं, कोण शांतपणे घोडा एफ३ वर काढतं, आणि प्रत्येकाला काय उत्तर द्यायचं हे हाताला माहीत होतं. अट एकच, डाव संपल्यावर अर्धा मिनिट देऊन आपण माहितीतल्या चालीतून कुठे बाहेर पडलो ते बघायचं. ते न करता नुसतं पुढचा डाव, पुढचा डाव केलं तर तीच चुकीची चाल पक्की होते, हे मी कितीतरी खेळाडूंच्या डावांत बघितलंय. दुसरा फायदा म्हणजे घोड्याचा फोर्क (एकाच वेळी दोन मोहऱ्यांवर हल्ला), शेवटच्या रांगेतली मात, अडकलेला वजीर, या गोष्टी आता शोधाव्या लागत नाहीत, दिसतात. लांब डावात त्यामुळे वेळ वाचतो आणि तो वेळ प्लॅनवर देता येतो.

आता नुकसान, आणि याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय कारण लोक नुसतं 'ब्लिट्झनं खेळ उथळ होतो' म्हणून मोकळे होतात, नेमकं काय उथळ होतं ते सांगत नाहीत.

एच७ वरचं उंटाचं बलिदान घ्या. पांढऱ्याचा उंट डी३ वर, घोडा एफ३ वर, प्यादं इ५ वर, काळ्यानं छोटं कॅसलिंग (राजाच्या बाजूचा किल्लेकोट) केलंय आणि एफ६ वर घोडा नाही. उंट एच७ वर मारून शह, राजानं घेतला, घोडा जी५ शह, मग वजीर एच५. ब्लिट्झमध्ये हे चित्र दिसलं की हात आपोआप उंटाकडे जातो आणि बहुतेक वेळा चालतंही, कारण समोरचा २-३ सेकंदांत राजा जी८ वर परत नेतो आणि मात खातो. पण खरा प्रश्न राजा जी६ वर आला तर काय हा आहे. तिथे वजीर जी४ वर न्यायचा की एच४ चं प्यादं ढकलायचं, वजीर जी४ नंतर काळ्यानं एफ५ केलं तर वजीर मागे घ्यायचा की आँ पासां (दोन घरं पुढे आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्यानं मारण्याचा नियम) मारायचं, आणि त्याही आधी इ७ वरचा उंट जी५ चा घोडा सरळ मारू शकतो का, एच७ ला दुसरं कुणी राखतंय का. लांब डावात समोरचा दहा मिनिटं बसून नेमका जी६ वर येतो. ब्लिट्झ आपल्याला शिकवतं की समोरच्याच्या सर्वांत चांगल्या उत्तराचा विचार केला नाही तरी चालतं, आणि ही सवय लांब डावात शिरली की हिशोब पहिल्या शहापाशीच थांबतो. नजर तेज होते ती ओळखीमुळे, आणि ओळख पटली की मेंदू मोजायचं बंद करतो. म्हणून म्हटलं, कारण एकच.

३+० आणि ३+२ मधला फरक मला वाटला होता त्यापेक्षा फार मोठा निघाला. हे २ सेकंद म्हणजे माजी विश्वविजेत्या बॉबी फिशरची कल्पना, त्यानं १९८८ मध्ये अशा घड्याळाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, आणि एंडगेम (थोडीच मोहरी उरलेला डावाचा शेवट) खेळणाऱ्यांनी त्याचे आभार मानावेत इतकी ती चांगली आहे. हत्तीचा एंडगेम घ्या, आपलं प्यादं सातव्या रांगेत, आपला राजा त्याच्या पुढे आठव्या रांगेत, समोरचा राजा आपल्या हत्तीनं बाजूला तोडलेला, म्हणजेच लुसेना. हत्ती चौथ्या रांगेत आणायचा, राजा बाहेर काढायचा, शह येत राहतात आणि शेवटी हत्ती मध्ये घालून आडोसा करायचा, डाव जिंकला. ३+० मध्ये ५ सेकंद उरले असताना हे येत असून उपयोग नाही, समोरचा शह देत राहतो आणि आपला फ्लॅग पडतो, म्हणजे वेळ संपून आपण हरतो. उलट हरलेल्या पोझिशनमध्ये प्रीमूव्ह (समोरच्याच्या चालीआधीच लावून ठेवलेली चाल) मारत राहून वेळेवर जिंकता येतं आणि त्यातून बुद्धिबळाचं काहीच शिकायला मिळत नाही. ३+२ मध्ये तंत्र येत असेल तर ते दाखवता येतं. लुसेना माझ्या अंगात खऱ्या अर्थानं ३+२ मुळेच बसली.

फिशर स्वतः १९७० मध्ये हर्सेग नोवीच्या ब्लिट्झ स्पर्धेत २२ पैकी १९ गुण करून पहिला आला, दुसरा माजी विश्वविजेता मिखाईल ताल १४.५ वर, ही उदाहरणं नेहमी दिली जातात, आनंदचंही नाव घेतात. पण या लोकांचा वेग वर्षानुवर्षं खोल अभ्यास केल्यावर आलेला आहे, ते दोन सेकंदांत जे बघतात ते आधी कधीतरी तासन्‌तास बसून बघितलेलं असतं. आपण उलट्या बाजूनं जाऊन तिथे पोचू असं मला वाटत नाही.

रेटिंगबद्दल फार लिहीत नाही, हरल्यावर चिडून लगेच पुढचा डाव लावला की ते घसरतं हे सगळ्यांना माहितीये. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर झेन मोड आहे, त्यात डाव चालू असताना रेटिंग दिसत नाही, मला तो आवडला.

सध्या माझा क्रम असा आहे की आधी एक १५+१० चा डाव, डोकं ताजं असताना, आणि नंतर वेळ असेल तर ३+२. लांब डावात शेजारी वही ठेवतो आणि समोरच्यानं चाल केली की ती आधी लिहितो, मगच पटाकडे बघतो. स्पर्धेत चाली लिहाव्याच लागतात, आपली चाल करण्याआधी लिहून ठेवता येत नाही, पण समोरच्याची लिहिता येते आणि तेवढ्या वेळात हात थांबतो. त्या थांबण्यात 'यानं ही चाल का केली असेल' हा प्रश्न परत यायला लागलाय, जो ब्लिट्झमध्ये पार गायब झाला होता. नवीन शिकणाऱ्यांनी मात्र निदान साधे फोर्क आणि पिन (मागच्या मोठ्या मोहऱ्यामुळे जागीच अडकलेलं मोहरं) बसून शोधता येईपर्यंत ३ मिनिटांच्या वाटेला जाऊ नये असं माझं अगदी ठाम मत आहे, आणि ज्यांना येतात त्यांनी खेळावं, फक्त ३+० सोडून ३+२ लावावं.