‘फ्री चुरो’: समोरचे प्रेक्षक न दाखवता रंगवलेलं भाषण

‘बोजॅक हॉर्समन’ (नेटफ्लिक्स, २०१४ ते २०२०) या अ‍ॅनिमेटेड मालिकेच्या पाचव्या सीझनमधला हा सहावा भाग. १४ सप्टेंबर २०१८ रोजी आला, पुढच्या वर्षी एमी पुरस्काराचं नामांकनही मिळालं. लेखन मालिकेचा निर्माता राफाएल बॉब-वॅक्सबर्ग याचं, दिग्दर्शन एमी विनफ्री यांचं. नव्वदच्या दशकात एका कौटुंबिक विनोदी मालिकेमुळे लोकांनी डोक्यावर घेतलेला आणि पुढे मागे पडलेला नट बोजॅक (हा घोडा आहे; या मालिकेत माणसांसारखे बोलणारे-वागणारे प्राणीही असतात) आईच्या अंत्यविधीला बोलायला उभा राहतो आणि जवळजवळ पूर्ण भागभर तोच बोलतो. पुढे शेवट उघड केला आहे, त्यामुळे भाग पाहिला नसेल तर आधी तो पाहून घ्या.

सुरुवातीचा छोटा प्रसंग मात्र वेगळा आहे. बोजॅकचा बाप बटरस्कॉच लहानग्या बोजॅकला गाडीतून घरी नेतोय आणि तोंड बंद करत नाही. पोरगं गप्प. बाप आणि मोठा बोजॅक दोघांनाही आवाज नट विल आर्नेटचाच. लगेच पुढे भाषण सुरू होतं तेव्हा आपल्या लक्षात येतं, की ऐकून घेणारं पोर आता बोलणारं झालंय आणि बापासारखंच न थांबता बोलतंय. हे कोणी समजावून सांगत नाही; दोन प्रसंग शेजारी ठेवलेत, तेवढं पुरतं.

भागाची खरी करामत कॅमेऱ्यात आहे. शोकसभेत कोण बसलंय हे शेवटपर्यंत दाखवलेलंच नाही. विनोदी मालिकेत एक वाक्य पडलं की समोरच्याचा चेहरा दाखवायचा, ही रोजची रीत. हसू तिथेच पिकतं. बोजॅकचं सगळं आयुष्य अशा मालिकेत गेलं, जिथे प्रत्येक वाक्यामागून ठरलेला हशा यायचा. इथे तो विनोद टाकतो, थांबतो, आणि समोरून काहीच येत नाही. ऑर्गन वाजवणाऱ्याला तो मधे ओढतो, शवपेटीतल्या आईला ‘एकदा ठोठाव’ म्हणतो. पेटीतूनही शांतता. दाद मिळाल्याशिवाय पुढचं वाक्य ज्याला सुचत नाही, अशा नटाची दाद काढून घेतली की काय उरतं, हे इतक्या नेमकेपणाने दाखवणारा दुसरा भाग या मालिकेत नाही. अ‍ॅनिमेशनमध्ये हे आणखी अवघड. खऱ्या नटाच्या चेहऱ्यावर न ठरवताही काहीतरी हलत असतं. इथे पापणी लवली तरी ती कुणीतरी काढलेली असते. म्हणून सगळा भार आर्नेटच्या श्वासावर आणि थांबण्यावर येतो, आणि तो पेलतो.

भागाचं नाव ज्या किश्श्यावरून पडलं तो नीट ऐका. ‘जॅक इन द बॉक्स’ या फास्ट फूडच्या दुकानात काउंटरवरची मुलगी विचारते, तुमचा दिवस मस्त चाललाय ना? कसे आहात, असं नाही. म्हणजे ‘नाही’ म्हटलं की वातावरण बिघडवणारे आपणच. बोजॅक सांगून टाकतो, आई गेली. ती रडायला लागते, यालाच तिची समजूत काढावी लागते, मागे रांग वाढते, आणि शेवटी ती त्याला फुकट चुरो देते. तळून साखरेत घोळवलेला एक पदार्थ, बस्स. पण त्या अनोळखी मुलीने जेवढी माया दाखवली तेवढी आईने आयुष्यभरात दाखवली नाही, हे तो विनोदाच्या सुरात बोलून जातो आणि आपण हसता हसता अडकतो.

दुसरी जागा आईच्या शेवटच्या शब्दांची. दवाखान्यात ती ‘आय सी यू’ म्हणाली. ‘तू मला दिसतोयस’ असा अर्थ तो लावतो, ते शब्द वेगवेगळ्या सुरांत घोळवून बघतो. आईने एकदा तरी आपल्याकडे पाहिलं, एवढंच त्याला हवं असतं. आणि बोलता बोलता त्याच्याच डोक्यात प्रकाश पडतो, की ती अतिदक्षता विभागाची (आयसीयू) पाटी वाचत होती. लेखकाने हा शोध भाषणाच्या मधोमध, बोजॅकच्याच तोंडी लावलाय, म्हणून तो इतका झोंबतो.

घरातल्या पार्ट्यांमध्ये आई नाचायची आणि बापसुद्धा खोलीतून बाहेर येऊन बघायचा, ही आठवणही तशीच ताकदीची. त्या मानाने बापाच्या द्वंद्वयुद्धाचा किस्सा (आपली कादंबरी वाचलीस का, असं विचारायला वळला, मुळाला अडखळला, डोकं दगडावर आपटलं) मजेदार असला तरी लांबलाय.

शेवटी बोजॅक पेटी उघडतो, आत बघतो, आणि प्रथमच समोरची माणसं दिसतात: अनोळखी सरडे. तो चुकीच्या दालनात आलाय. हा शेवट अनेकांना खटकतो, पण त्याशिवाय भाग पुरा होत नाही. दाद का येत नव्हती, याचं उत्तर तिथे मिळतं, आणि त्याला आईचा चेहरा शेवटचा बघायलाही मिळालेला नाही.

मालिका पाहिलीच नसेल तर सुरुवात इथून करू नका. बोजॅकला आईचा एवढा राग का, हे कळणार नाही. वेळ कमी असेल तर निदान चौथ्या सीझनचा दुसरा आणि अकरावा भाग आधी बघा. त्यांत बोजॅकच्या आईचं, बिअ‍ॅट्रिसचं, बालपण आणि स्मृतिभ्रंश येतो. बघताना मूळ इंग्रजी आवाजच ठेवा, हेडफोन लावा आणि मधे थांबवू नका. या २५ मिनिटांत तोडायला सोयीची जागाच ठेवलेली नाही.